उजवीकडून उघडणारी डायरी

एक जानेवारीला सोहारात आम्हाला सुट्टी नसते.
बंदराच्या स्टोअरचं शटर साडेसहालाच वर गेलं.
बोल्ट, गॅस्केट, ग्रीसचे डबे
गेल्या वर्षीच्याच खणांत बसलेले,
आणि शम्सानं माझ्या टेबलावर डायरी ठेवली,
चॉकलेटी, कोपऱ्यांना सोनेरी पत्रा.
"कुल आम व इंत बिखैर," म्हणाली,
आणि वर, "हरवू नकोस, दोनच उरल्या होत्या."

मी सवयीनं उघडली
तर निघाला एकतीस डिसेंबर.

आजवर माझी डायरी जतहून यायची,
पतसंस्थेची, आत चेअरमनचा फोटो,
कुणाच्या तरी बॅगेत चिवड्याखाली दबून.
तिच्यात दर वर्षी तीच तीन कलमं:
स्लॅबचे पैसे. साखर बंद. अरबी शिकणे.
स्लॅब झाला.
साखर दहा जानेवारीपर्यंत बंद असते.
अरबी "किती पेट्या?"च्या पुढे सरकली नाही.

अकरा वर्षं या देशात
आणि पुस्तक कुठून उघडतं
हे हाताला अजून ठाऊक नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत म्हटलं,
उघडलंच आहे शेवटाचं पान, तर शेवटच लिहू.
एकतीस डिसेंबर: आज समुद्रात पोहून आलो.
लिहिलं, आणि इकडं तिकडं पाहिलं,
कुणी वाचलं तर नाही?

मी जतचा माणूस.
आमच्याकडं पाणी टँकरनं येतं.
पाण्यापुढं घागर धरायची असते,
त्यात अंग टाकून द्यायचं असतं
हे कोण शिकवणार?
इथं अकरा वर्षं लाटांपुढं
पॅन्ट दुमडून उभा राहिलो, दर शुक्रवारी,
बसची वाट बघत असल्यासारखा.

मग मागं मागं येत गेलो.
नोव्हेंबर: दहा हात, कशाला न धरता.
मे: छातीपर्यंत.
जून-जुलै कोरे.
त्या उन्हात बेतसुद्धा वितळतात.
मार्च: शम्साच्या भावाला विचारणे.
माजिद लहान मुलांना पोहायला शिकवतो,
एकोणपन्नास वर्षांचं मूल चालेल का?
जानेवारी: चड्डी घेणे.

एवढ्या मोठ्या वर्षाचं टोक
एका चड्डीशी येऊन थांबलं,
आणि मला बरं वाटलं.

ऑगस्ट मात्र मधेच राहिला होता.
ऑगस्टात शर्वाणीचं कॉलेज.
तिला किड्यांचा अभ्यास करायचाय.
दिवाळीत मी फोनवर म्हणालो होतो,
किड्यांनी काय पोट भरतं?
तिकडून बराच वेळ
नुसता पंख्याचा आवाज.

पेन ठेवलं, पेन्सिल घेतली.
"तिला समजावणे" लिहिलं.
खोडलं. "तिला विचारणे."
तेही खोडलं. पान काळपट झालं.
त्यावर नंतर काय लिहायचं ते तिनंच सांगावं.
आज रात्री फोन करून एवढंच म्हणेन,
इथं खजुरावर एक लाल भुंगा असतो म्हणे,
आख्खं झाड आतून पोखरतो.
तुला माहितीये का त्याचं काही?

शम्सा गेटपास घ्यायला आली, डायरीत डोकावली.
"हे काय, तू उलटा चाललायस!"
देवनागरी तिला येत नाही.
मी शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणालो, "बहर."
समुद्र. हा शब्द येत होता मला.
मग नोव्हेंबरवर बोट. दहा हात. हातवारे करून.
ती हसली नाही. विचार करून म्हणाली,
"नोव्हेंबरात कधी कधी जेलीफिश येतात.
ऑक्टोबर बरा."

मी रबर शोधलं.
नोव्हेंबर ऑक्टोबरात गेला,
ऑक्टोबर सप्टेंबरात,
बाकीचं कसं बसवायचं ते बघू,
बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

संध्याकाळी निळी चड्डी घेतली,
कडेला पांढरा पट्टा, दोन रियाल.
खोलीत घालून पाहिली.
थॉमसकुट्टी चपात्या भाजता भाजता म्हणाला,
"यापेक्षा लुंगी बरी."
असेल.
मी पंख्याखाली तसाच उभा राहिलो
आणि दार लोटून, दिवा न घालवता,
दोन्ही हात पुढं नेले,
मग बाजूला,
मग परत पुढं.