बरोबरचं चिन्ह आधी

निपाणीतल्या आमच्या हायस्कुलात कॉम्प्युटरची खोली
पूर्वी नकाशांची होती.
भिंतीला खिळे अजून आहेत.
दहा मशिनी, सात चालतात.
आठवीही चालते, पण तिला आधी
अंगावर एक चापट लागते,
आणि ती नेमकी कुठं मारायची
हे फक्त शिपाई तवनाप्पाला ठाऊक.

कीबोर्डावर कन्नडची स्टिकरं, खात्यानं पाठवलेली.
पहिल्याच तासाला मी नववीला सांगते,
घाबरू नका, बोट हलवू नका,
खाली कोपऱ्यात फक्त भाषा बदला.
जिथं त्यांचा क, तिथंच आपला क.
ळ पाहिजे तर शिफ्ट दाबावी लागते,
त्यांनाही, आपल्यालाही.
मागच्या बाकावरून आवाज येतो,
"मग बाई, भांडान कशाचं?"
फॉन्टचं, म्हणते मी,
आणि हजेरी घेते.

जुलैत एक्सेल.
इथं पोरं अडतात ती पहिल्याच पायरीला.
गणिताच्या सरांनी सात वर्षं शिकवलंय,
बरोबरचं चिन्ह शेवटी,
सगळं मांडून झाल्यावर, उत्तराच्या उंबऱ्यावर.
आणि ही मशीन म्हणते,
आधी बरोबर लिही, मग सांग काय ते.
"न सोडवताच बरोबर?" विचारते संजीवनी कोगनोळे.
मला उत्तर आलं नाही.
अकरा वाजून दहा मिनिटांनी करंट गेला, म्हणून सुटले.

दुसऱ्या दिवशी ती दप्तरातून लाल वही काढते.
आईची विड्यांची.
वहीला तंबाखूचा वास, पानांना तेंदूची कात.
तारीख, कट्टे, छाट, मजुरी,
मुकादमाचं उजवीकडं कललेलं अक्षर.
वर्गासाठी मी मार्कांचा तक्ता योजला होता,
तो राहिला.
ती एकेक आकडा घालते, एका बोटानं,
ओठ हलवत, देवळात जप करतात तशी.
चैत्र, वैशाख, ज्येष्ठ.
मग बरोबरचं चिन्ह. मग कंस. मग एंटर.

वहीतल्या एकूणपेक्षा
अकराशे चाळीस जास्त.

ती पुन्हा घालते सगळं.
अकराशे चाळीस.
"बाई, मशीन चुकती का कधी?"
आपण चुकीचं घातलं तर, म्हणते मी.
शेजारची तिघं आपापलं काम सोडून
तिच्या मागं येऊन उभी.

सकाळी प्रार्थनेच्या आधी गाठलं तिनं मला.
"आईला सांगाय गेले, बाई.
ती पानं कातरत बसलेली.
मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली,
अकराशे चाळीस न्हवं?"
मग थोडं थांबून,
"म्हणाली, तुमची मशीन हुशार हाय."

प्रिंट काढायला गेलो
तर शेवटचा रकाना दुसऱ्या कागदावर पडला,
एकटाच, मथळ्याशिवाय.
एकूण नेहमी तिकडंच जाऊन पडतं,
हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणी ऐकत नाही.
या वेळी चाळीसच्या चाळीस पोरं
कागद आडवा कसा करायचा ते बघत होती.
आडवा केला. बसलं सगळं एका पानात.

मुकादम काय म्हणाला, मी विचारलेलं नाही.
संजीवनीनंही सांगितलेलं नाही.
फक्त सोमवारी टेबलावर चार लाल वह्या होत्या,
बुधवारी नऊ,
एकीच्या पुठ्ठ्यावर कन्नडात नाव,
ते तिनंच टाइप केलं, बोट न हलवता.

माझ्या टाचणवहीत या आठवड्याचा घटक वेगळा आहे,
मेल मर्ज.
तपासणीला साहेब येतील तेव्हा बघू.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तवनाप्पा दारात घुटमळला.
खाकी शर्टाच्या आत काहीतरी धरलेलं.
"बायकोची हाय," म्हणाला, "दोन वर्सांची."
सातही मशिनींवर पोरं बसलेली.
मग तो आठवीपाशी गेला,
माझा हात धरल्यासारखा करून, न धरता,
पंख्याच्या जाळीखालची जागा दाखवली.
"हितं, बाई. जोरात न्हाई."