सहावा आठवडा

तोयोहाशीत फेब्रुवारी. वारा पत्र्याला नखं लावतो.
शेडमध्ये मात्र चौदा तास दिवस,
तोही बल्बचा.

शिमेनोबाई लावी उचलतात,
तळहातावर उताणी करतात, पिसांवर फुंकर:
"बघ, इवोने. छाती ठिपक्याठिपक्यांची, ती मादी.
विटकरी, कोरी, तो नर.
शेपटीखाली दाबलंस तर साबणासारखा फेस येईल.
लाजू नकोस. तो लाजत नाही."

मी साओ पाउलोची. जपानी मला
आडनावापुरतंच येतं.
बाकी बोटांनी शिकले:
ओटीपोटाची दोन हाडं, आधी चिकटून,
मग मध्ये बोट मावतं.
आणि खालचं ते द्वार, परवापर्यंत सुकी चीर,
आज ओलं, रुंद, जांभळट.

पिंजरा एकोणीसमधल्या एकीच्या पायात
मी नराचं कडं घातलं होतं.
ठिपके फिकट, उजेड पिवळा, घाई माझी.
महिनाभर वाट पाहिली तिच्या आरवण्याची.

आज दिवेलागणीला
(कोंबडीसारखं सकाळी नाही, यांचं सगळं उशिरा)
उतरत्या जाळीवरून घरंगळत आलं एक अंडं.
बोराएवढं. ना ठिपका, ना डाग,
जणू शाई भरायची राहूनच गेली.

शिमेनोबाई हसल्या नाहीत. कडं कापलं.
"पहिलं असंही येतं. चार दिवसांनी नक्षी येईल.
मग तीच. प्रत्येकीची सही वेगळी."

अंडं ॲप्रनच्या खिशात टाकलं. गरम होतं.
बसस्टॉपपर्यंत हात
खिशातच.