कात्री

पट्टी कापताना
तारखेची बाजू आपल्याकडे ठेवायची,
हे मला दादांनी शिकवलं, दुकान शिकवायच्याही आधी.
गिऱ्हाईक दोनच गोळ्या मागतं.
त्याच्या हातात बिनतारखेचा तुकडा जातो,
तारीख राहते माझ्या डब्यात
आणि रात्री उशाशी.

नंदुरबारात मिरचीचा हंगाम लागला
की आमची अख्खी गल्ली शिंकते.
पथारीवर देठ खुडून आलेल्या बाया
काउंटरवर आधी पैसे ठेवत नाहीत, हात ठेवतात.
"भाऊ, हात जयी ऱ्हायनात," मोगीबाई म्हणते,
"ती धाकली टूब दे. पैसा हप्ताले दिसू."
धाकली ट्यूब अठरा रुपयांची.
त्यात मला सुटतात जेमतेम तीन.
वहीत तिच्या नावापुढे अठरा लिहितो,
ते तीन कुठे लिहायचे
हे तीस वर्षांत कळलेलं नाही.

स्टेशन रोडला काचेचं दुकान झालंय.
दारातच पाटी: वीस टक्के सूट.
धुळ्याचा स्टॉकिस्ट मला सोळावर माल देतो,
एकविसाव्या दिवशी त्याचा पोरगा
मोटरसायकल बंद न करता पैसे मागतो.
म्हणजे मला जेवढं सुटतं
त्याहून जास्त तो सोडतो.
हे गणित मी हेमलताला मांडून दाखवलं.
डी.फार्म. ती आहे, भिंतीवरचं लायसन तिच्या नावाचं.
ती म्हणाली,
"मग आपणही तिथूनच घेऊ या की."
आम्ही हसलो.
पुढच्या आठवड्यात मी खरंच गेलो,
तोंडाला रुमाल बांधून,
आणि माझ्याच बी.पी.च्या तीन पट्ट्या घेऊन आलो.
सव्वाशे रुपये वाचले.
पिशवी मात्र घरी नेली नाही,
वाटेत उकिरड्यावर टाकली.

गिरासे सर आले, खोका घेऊन,
मोबाइलवरून मागवलेला.
"एवढं बघून दे रे, बरोबर पाठवलंय ना?
आईचं आहे."
संकोच होता त्यांच्या आवाजात, नाही असं नाही,
पण खोका तरी त्यांनी काउंटरवरच ठेवला.
चिठ्ठीत पंचवीसची होती, आली होती पन्नासची.
मी डॉक्टरांना फोन लावला,
ते म्हणाले, निम्मी द्या.
मग बसलो एकेक गोळी मधोमध करत,
आणि पाकिटांवर स्केचपेननं काढत गेलो
सकाळीला सूर्य, रात्रीला चंद्र,
जेवणानंतरच्याला एक ताट.
म्हातारीला वाचता येत नाही,
हे खोका पाठवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार.
"किती द्यायचे?" सरांनी खिशात हात घातला.
"याचे कसले पैसे," माझं तोंड बोलून गेलं.
सर जिन्याशी पोचेपर्यंत
मी त्या तोंडाकडे रागानं बघत होतो,
वजनकाट्याच्या आरशात.

महिनाअखेर. शटर अर्धं खाली.
परतीचा खोका भरायला घेतला.
सिरपं घेतील. अख्ख्या पट्ट्या घेतील, कुरकुरत.
कापलेल्या घेत नाहीत.
सात उरलेल्या, चार उरलेल्या, एकच एक गोळी उरलेली,
सगळ्यांच्या पाठीवर तारीख अगदी ठळक.
प्रत्येक तुकड्याचा दुसरा भाग
कुणाच्या तरी पोटात जाऊन
ताप उतरवून बसलेला.
हेमलतानं मोजले: दोन हजार एकशे चाळीस.
इन्व्हर्टरच्या बॅटरीला हवेत नऊ हजार.
तोवर लाइट गेली की इन्सुलिन
शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडे मुक्कामाला.

शटरखालून हात आला. मोगीबाईचा.
मुठीत अठरा रुपये, दहाची नोट, बाकी चिल्लर.
"लिखेल शे ना? खोडी टाक."
मी खोडलं. तिच्यासमोर, दोनदा.

ती गेल्यावर नोट गल्ल्यात ठेवली
आणि सवयीनं डोळा चोळला.
मिरची.
पाणी थांबेना, बोंब मारायची तेवढी राहिली.
"धुऊन घ्या आधी," म्हणत हेमलतानं
परतीच्या खोक्यातून ड्रॉपची बाटली काढली,
दिव्याखाली धरून तारीख वाचली.
"टाका," ती म्हणाली.
मी विचारलं, कुठे? डोळ्यात, की खोक्यात?
"डोळ्यात," ती म्हणाली,
"अजून अकरा दिवस आहेत."