धोका : ८७

कौनासमध्ये रात्रीचे दोन. खिडकीखाली नेमुनास,
अर्धी गोठलेली, अर्धी अजून ठरवतेय.
पडद्यावर एक खातं येतं. वय : तेरा तास.
ओमुर्कान सोल्तोबायेवा, लोकरीच्या सपाता, नारिन, किर्गिझस्तान.

यंत्राने हिशोब आधीच मांडून ठेवलाय :
एकाच संगणकावरून सात दुकानं,
सातही याच आठवड्यातली,
एका संध्याकाळी चाळीस जोड विक्रीला,
प्रत्येक फोटोत खाली तोच गालिचा, तोच उसवलेला कोपरा.
बँकेतलं नाव आणि ओळखपत्रातलं नाव
एका अक्षराने वेगळं.
ऐंशीच्या वर गेलं की बोट आपोआप बटणाकडे जातं.
नव्या मुलांना मीच शिकवते :
चोराला घाई असते, आणि त्याच्याकडे सामान एकाच घरचं असतं.

मागच्या शरदात मी एकाला सोडला होता.
धुतल्या तांदळासारखा.
वीजबिल सुद्धा घडी न मोडलेलं.
तीन महिने मोजे विकले त्याने, चार युरोला जोडी,
वेळेवर, सोबत हाताने लिहिलेली आभाराची चिठ्ठी.
धोका : नऊ.
मग एका शुक्रवारी दोनशे कॅमेरे मांडले, पैसे उचलले,
आणि सोमवारी त्या पत्त्यावर
गाड्या धुण्याचं दुकान निघालं.
ग्दान्स्कच्या एका निवृत्त मास्तरांचं पत्र
अजून माझ्या खणात आहे. शिव्या नाहीत त्यात.
एवढंच विचारलंय : तुम्ही लोक नेमकं बघता तरी काय?

मी बटण दाबत नाही. लिहिते :
सपाता हातात धरून फोटो पाठवा,
कागदावर आजची तारीख.

तीन वाजतात. उत्तर नाही.
चार. दाउमांतस कॉफी ठेवून जातो, म्हणतो, बंद कर, झोप.
चोर इथेच गप्प होतात, हेही मीच शिकवते.
प्रलंबित फाइल माझ्या नावावर लाल होत जाते.

पाच वीसला फोटो येतो.
तिकडे नऊ वाजून गेलेत, वाचनालय उघडलंय.
पुस्तकांच्या कपाटापुढे बायका,
प्रत्येकीच्या हातात एक सपात,
अंगावर कोट तसेच, बर्फ अजून खांद्यावर.
पायाखाली तो गालिचा. वाचनालयाचा.
बाजूला तो संगणक, त्याच्यावर विणलेलं झाकण.
अक्षराचंही कळलं :
त्यांच्या लिपीत एका ‘ओ’च्या पोटात आडवी रेघ असते,
बँकेने ती गाळली.

मी बायका मोजते. सहा.
पुन्हा मोजते. सहाच.
फोटो मोठा करते, कोपरा न् कोपरा,
आणि गालिच्यावर, उसवलेल्या टोकापाशी,
एक सावली : दोन्ही हात वर, हातात फोन.

अर्जात कारण निवडायला सहा रकाने आहेत.
सावलीचा एकही नाही.
‘इतर’ निवडते. सात दुकानं उघडते.
यंत्र जरा थांबून आकडा बदलतं :
एकोणऐंशी.

बाहेर पहिली ट्रॉलीबस, काचा वाफेने आंधळ्या.
ग्दान्स्कला उत्तर आजही लिहिलेलं नाही.
सपाता गिऱ्हाइकांच्या पायात जातील तेव्हा जातील.
मोजेही वेळेवर यायचे.