किमान

सकाळी सात. लाकडी पेटीचं झडपांचं दार उघडताना
मी श्वास रोखते.
भारंबे अण्णांनी निवृत्त होताना एवढंच बजावलं होतं :
वाफ लागली की काच खोटं बोलते.

आडव्या नळीत दारू, दारूत बुडालेली काळी सुई,
टाचणीहून लहान.
रात्र जिथवर उतरली तिथवर ती जाते
आणि उजाडलं तरी तिथंच थांबते,
कुणी विचारायला येईल म्हणून.

तेरा पॉइंट चार.
दुपारी मात्र अजून तेहतीस,
म्हणजे सावद्याच्या बाजारात
उसाचा रस आणि कानटोप्या एकाच गाडीवर.

अंदाज येतो तो धुऊन इस्त्री केलेल्या भाषेत :
‘उत्तर महाराष्ट्रात किमान तापमानात
चार ते पाच अंशांनी घट होण्याची शक्यता.’
सोसायटीच्या ओट्यावरच्या फळ्यावर मी तो उतरवते.
‘शक्यता’ मोठ्या अक्षरात काढते.
लोक आकडा वाचतात.

बुधवारी लिहिलं : शनिवारी पहाटे, आठ.

आठ म्हणजे केळीचा पोंगा घशातच अडकतो,
निसवायला आलेला घड पोटात मुका राहतो.
शुक्रवारी रात्री अख्खं शिवार जागं.
बांधाबांधावर पराटी, वाळली पानं, वरून ओला पाला,
धूर पाहिजे, जाळ नको, असं एकमेकांना ओरडून सांगणं.
या आठवड्यात रात्रीची वीज आपली होती,
मोटारी चालल्या, विहिरींचं कोमट पाणी
अंधारात वाफाळत कांदेबागेच्या पायाशी गेलं.

आणि तिकडे बंगालच्या उपसागरात काहीतरी हललं.
दोनच्या सुमारास पूर्वेकडून ढग आले, पातळ,
गोधडीच्या आतल्या जुन्या लुगड्यासारखे,
सातपुड्यापासून तापीपर्यंत अंथरत गेले.

सोळा पॉइंट सहा.
दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा
श्वास रोखायचंही विसरले.

नऊ वाजता माणसं आली, धुरानं लाल डोळ्यांची.
कुणी काही बोललं नाही, तेच जड गेलं.
मग इंदू नेहेतेनं स्टीलचा डबा पुढे केला :
‘विस्तव होताच, वांगी टाकली सहा-सात.
रात्रभर तुझ्या नावानं शिव्या आणि भरीत, दोन्ही झालं.’
भरिताला पराटीचा वास होता.
मी खाल्लं. तिखट होतं म्हणून डोळे पुसले, असं म्हणाले.

मंगळवारी आभाळ पुसून कोरं.
फळ्यावर पुन्हा लिहिलं : घट. शक्यता. सात ते नऊ.
पोरं वाचून हसली.
एकानं खाली खडूनं वांगं काढलं, देठासकट.
त्या रात्री दोनच बांध धुमसले,
त्यातला एक इंदूचा.

बुधवारी पेटीची कडी बोटांना चिकटली.
सुई इतकी डावीकडे मी कधी पाहिली नव्हती.
सहा पॉइंट नऊ.
बागा वरून हिरव्याच दिसत होत्या,
पानांच्या कडा काळवंडायला चार दिवस लागतात.

सव्वासातला फोन. पालच्या बाजूचा रुबाब तडवी.
त्याच्याकडे केळी नाही, दोन बिघे दादर आणि बकऱ्या.
दोन वर्षं रोज विचारतो,
‘किती हाय आज, माय?’
आकडा ऐकतो, फोन ठेवतो.

‘सहा पॉइंट नऊ.’
तो थांबला. मागे एक बकरी खोकली.
‘बरोबर,’ म्हणाला.
‘खोबरेलाची बाटली दगड झाली.
कुत्रं चुलीतल्या राखेत निजलं, रात्री पिल्लांसकट.’

म्हणजे दोन वर्षं
तो माझी पेटी तपासत होता.

मी नळी तिरपी केली.
सुई सावकाश घसरत आत्ताच्या थंडीला येऊन टेकली,
रात्र पुसली, वहीत तेवढी उरली.
ओट्यावर गेले तर फळा दवानं भिजलेला,
खडू उमटेना.
वांग्याचं देठ तेवढं अजून दिसत होतं.