किमान

सकाळचे सात म्हणजे तसा उशीरच.
रात्रीने करायचं ते करून झालेलं असतं.
कादवेवरचं धुकं अजून तारेच्या कुंपणाला लोंबतंय,
कुलूप बोटांना चावतं.
पांढऱ्या पेटीचं दार उत्तरेकडे उघडतं,
आत आडवी निजलेली काचेची नळी,
नळीत दारू, दारूत बारीक काळी काडी.
गारठा वाढला की दारू मागे सरते,
काडीला ओढत नेते.
उजाडल्यावर दारू पुढे येते, काडी येत नाही.
जिथे सगळ्यांत जास्त काकडली
तिथेच पडून राहते,
मी येईपर्यंत.

आज चार पूर्णांक दोन.

पेन चालेना. रिफिल काढून काखेत धरली,
मग उमटलं.
दहा मिनिटांत फोन. नाशिकहून एक, निफाडातून दोन.
"किती?"
"चार पूर्णांक दोन."
"बस? चारच्या खाली नाही गेला?"
जसे काही मीच दोन दशांश खिशात घातले.

थंडी मी म्हणत होती.
मी काय म्हणणार, मी नुसतं लिहून घेतो.

पण पेटी जमिनीपासून चार फुटांवर आहे.
पेटीला पाय आहेत.
हे मी कुणाला सांगत नाही, कुणी विचारत नाही.
खाली गवतावर दुसरी नळी असते,
उघडी, मातीच्या अंगाला लागलेली.
तिच्यात आज शून्य पूर्णांक सहा.
तो आकडा वहीच्या शेवटच्या रकान्यात जातो
आणि तिथेच राहतो, पेपरात येत नाही.

मधले जे तीन-साडेतीन अंश,
त्यांत कोण राहतं ते मला येता-येता दिसतं.

यशोदा भोये, सुरगाण्याकडची,
द्राक्षाचे मणी विरळायला आलेली.
शेडच्या ओट्याखाली एका ताडपत्रीत
ती, तीन लेकरं आणि शेळी.
शेळी मध्ये.
एवढ्या लांब शेळी कशाला आणली, मी विचारलं होतं एकदा.
"दूध नाही देत आता," ती म्हणाली,
"पण गरम असते."

पलीकडे दत्तू मोगलने रात्री दोनला पाचट पेटवलेलं,
मुद्दाम ओलं, धूर बागेवर पसरावा म्हणून.
विहिरीचं कोमट पाणी ठिबकने मुळांना.
वेलींना ऊब देत स्वतः कुडकुडत फिरला,
अंगात मुलीचा कॉलेजातला स्वेटर,
बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर.
मणी तडकले का ते ऊन आल्यावर कळेल.
तोवर तो बागेकडे बघत नाही.
म्हशीला बारदान बांधत बसतो,
सुतळी पोटाखालून घेतो,
आणि म्हैस इतकी गप उभी राहते
जसं शाळेच्या पहिल्या दिवशी
बटणं लावून घेणारं पोर.

बांधावरच्या राखेत कुत्री.
माणसं उठून गेली की ती येतात,
उबाऱ्यात गोल होतात, नाक शेपटीत.
आज चार होती.
मी हाकललं तेव्हा तीन उठली,
थोडी लांब गेली,
आणि परत येऊन चौथ्याला टेकून बसली.
अजून गरम असेल.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मला शिकवलेलं नाही.

शेवटचं काम: नळी जराशी तिरकी धरायची.
काडी घरंगळत दारूच्या टोकाशी येते.
आता नळीला रात्र आठवत नाही.
दार लावायचं. कुलूप.

परत येताना यशोदा ताडपत्री आवरत होती.
"उद्या किती पडेल?"
म्हटलं, "मला होऊन गेलेलंच कळतं."
ती हसली. "मग ते आम्हालाही कळतं की, साहेब."
शेळीला ओट्याच्या उन्हाकडच्या कोपऱ्यात बांधलं,
ताडपत्री दोन्ही हातांनी झटकली,
दहिवराचा चुरा उडाला,
चपलेतल्या माझ्या बोटांवर पडला.
वितळेपर्यंत
मी तिथेच उभा राहिलो.