टाच

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं
भरमगोंडाकाकांचा छापखाना.
जाड, चौकोनी टाचांचे लाकडी इंग्रजी ठसे—
"यांना इजिप्शियन म्हणतात. जन्म लंडनचा.
नाव एकीकडचं, गाव एकीकडं,
आपल्यागत."
बोदांवर तेच उमटायचे,
हमालासारखे पाय फाकून उभे.

मग टाचा तासलेली अक्षरं आली.
तिकडं म्हणे आधी त्यांना भेसूर म्हणायचे;
आता दवाखाना, बस, परीक्षेचा पेपर,
सगळीकडं तीच, अनवाणी.

मराठीला शिरोरेघ, कानडीला तलेकट्टू.
"डोकी दोघींची झाकलेली,
टाच एकीलाही नाही,"
म्हणून काका एकटेच हसत.

एका रात्री चौकातल्या पाटीवर डांबर.
सकाळी काका शिडीवर, हातात रॉकेलची चिंधी.
कुठल्या भाषेवर फासलंय, मी खालून विचारलं.
"जाडी बघ आधी. रंगवणाऱ्याचा हात काय होता!"

केस शेवटी भंगारात गेली—
कोर्टातली नव्हे, खिळ्यांची.
एक आर मी ठेवून घेतला.
उलटा आहे, आरशातच सरळ दिसतो.
बोटानं त्याची टाच चाचपतो कधी कधी:
एका कोपऱ्याचा टवका उडालाय,
तरी टेबलावर डुगडुगत नाही.